पंधरा एमबीच्या आत

या अंकाचं काम हातात देताना मॅडमनी एकच अट घातली. "काहीही कर, पण पीडीएफ १५ एमबीच्या आत बसव."

गेल्या वर्षीचा अंक तुमच्यापैकी किती जणांनी खरंच उघडला होता? मंडळाच्या ग्रुपवर तो टाकला तेव्हा 'वा', 'अभिनंदन', 'छान झालाय' असे पन्नासेक मेसेज आले होते. नंतर हळूहळू कळत गेलं की बऱ्याच जणांच्या मोबाईलवर ते गोल चक्र फिरतच राहिलं होतं, आणि अभिनंदन नुसतं मुखपृष्ठ बघून झालं होतं. खानापूरच्या पलीकडे, जंगलाकडच्या गावांतून येणारी आपली मुलंमुली रेंज पकडायला घरामागच्या चढावर जाऊन उभी राहतात. तिथं उभं राहून शंभरावर एमबीचा अंक कोण उतरवून घेणार? आमच्या वर्गातल्या एका मुलीची कविता त्या अंकात होती. तिनं ती पाहिली तीन आठवड्यांनी, लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर. तिच्या घरच्यांनी तर पाहिलीच नाही. फाईलचं वजन म्हटलं की ती कॉम्प्युटरवाल्यांची भानगड वाटते. पण आपला अंक कुणाच्या घरी पोचतो आणि कुणाच्या दारातूनच परत फिरतो, हे त्या वजनावरच ठरत होतं.

यंदाची वर्डमधली फाईल पहिल्यांदा जोडून बघितली तेव्हा ती १४८ एमबी भरली. पानं ७२, चित्रं आणि फोटो मिळून ४१. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण फाईल लहान करणं मला येतं असा मंडळात समज आहे. तो समज मीच पसरवला होता. मी एकदा २५० एमबीचे फोटो ५ एमबीत बसवले होते, चहा गार व्हायच्या आत. त्या चहाबद्दल आधी सांगते, अंकाचं नंतर.

माझे आजोबा खानापूरजवळच्या आमच्या गावातल्या चॅपेलमध्ये गाणी सांगायचे. ते सुरुवात करून द्यायचे आणि मागून सगळे म्हणायचे. त्यांच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमधून व्हायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे १९६२ ते १९६५ च्या त्या बैठकांनी, लोकांच्या भाषेत उपासना करायला मोकळीक दिली तेव्हा ते ऐन तरुण होते. आमच्या चॅपेलात मराठी गाण्यांचं पुस्तक नव्हतं. मग कुठं कुठं ऐकलेली, कुणाकडून मागून आणलेली, काही स्वतः जुळवलेली मराठी भक्तिगीतं त्यांनी एका वहीत उतरवून ठेवली. निळी शाई, ठसठशीत अक्षर, ६४ पानं. आणि शाईच्या मधेमधे पेन्सिलीच्या फिकट खुणा. कुठं तिरकी रेघ, कुठं टिंब, कुठं समासात एखादा शब्द.

बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या सुट्टीत, मे महिन्यात, मी त्या वहीचे फोटो काढले. पडवीत उजेड चांगला होता. आजोबा पानं उलटत होते आणि मी वरून मोबाईल धरून उभी होते. मधेच त्यांनी विचारलं, "एवढे फोटो काढून काय करणार?"

मी म्हटलं, "जपून ठेवणार."

६४ फोटो, प्रत्येक साधारण ४ एमबीचा.

सप्टेंबरात दुसऱ्या वर्षाचा प्रकल्प द्यायचा होता. मी ही वहीच विषय म्हणून घेतली. जिथं फाईल चढवायची तिथं लिहिलं होतं की ती ५ एमबीपेक्षा मोठी नको, आणि शेवटची तारीख नेमकी त्याच दिवशीची. मोबाईल तर कधीचा 'जागा संपली' म्हणून ओरडत होता. मी एक फुकटचं ॲप उतरवून घेतलं, सगळे फोटो निवडले, गुणवत्तेची पट्टी पार डावीकडे ओढली आणि खालच्या एका चौकटीत बरोबरची खूण केली. 'मूळ फोटोंच्या जागी नवे ठेवा.' ते मला सोयीचंच वाटलं, तेवढीच जागा मोकळी. पाच मिनिटांत काम झालं. मोबाईलच्या पडद्यावर पानं वाचता येत होती. प्रकल्पाला गुणही चांगले पडले.

पुढच्या जूनमध्ये आजोबा गेले.

शवपेटी बंद करायच्या आधी आज्जी आत गेली आणि ट्रंकेतून ती वही काढून घेऊन आली. आजोबांच्या बोटांभोवती जपमाळ गुंडाळलेली होती. त्या हातांखाली तिनं वही सरकवली. काका म्हणाले, "आई, वही राहू दे की घरात." आज्जीनं माझ्याकडे बघितलं. "हिच्या मोबाईलात हाय की सगळी. वही त्यांची हाय, त्यांच्यासंगं जाऊ दे."

मी मान हलवली.

यंदा अंकाचं ठरत होतं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "तुझ्या आजोबांच्या वहीवर चार पानं घेऊ या." तेव्हा मी ते फोटो पहिल्यांदा लायब्ररीतल्या मोठ्या पडद्यावर उघडले. शाई होती, पण प्रत्येक अक्षराच्या कडेला करडी धूळ उडाल्यासारखं दिसत होतं. 'ध' आहे की 'घ' आहे ते कळत नव्हतं. अनुस्वार कागदावरच्या डागांत मिसळून गेले होते. आणि पेन्सिल नव्हती. मी एक पान मोठं केलं, आणखी मोठं केलं, तर नुसते चौकोन चौकोन दिसायला लागले. सगळी पानं पाहिली. पेन्सिल कुठंच नव्हती.

त्या दिवशी मी घरी कुणाला काही बोलले नाही. नेमकं काय झालं ते आधी समजून घ्यायचं ठरवलं आणि वाचत बसले. साहित्याची विद्यार्थिनी असल्यामुळे वेळ लागला. पण गोष्ट समजल्यावर ती फार अवघड वाटली नाही.

मोबाईलचा साधा १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे एका बाजूला ४००० आणि दुसऱ्या बाजूला ३००० ठिपके. गुणाकार केला की १ कोटी २० लाख. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला ३ बाइट धरले तर एकच फोटो ३६ एमबीचा व्हायला हवा. तो आपल्याला ४ एमबीचा दिसतो, कारण मोबाईल तो साठवतानाच जेपीईजी पद्धतीनं दाबून ठेवतो. १९९२ पासून प्रमाण मानली गेलेली ही पद्धत फोटोचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडते. प्रत्येक चौकोनातले मोठे फरक ती ठेवते आणि बारीक फरक सोडून देते. किती सोडायचे हे ती गुणवत्तेची पट्टी ठरवते. बारीक फरक आपल्या डोळ्यांना सहसा जाणवत नाहीत, या भरवशावर सगळा कारभार चालतो. आभाळ, चेहरे, मैदान यांना ही पद्धत मानवते. ठसठशीत शाईसुद्धा बऱ्यापैकी तग धरते. पण पिवळ्या पडलेल्या कागदावरची फिकट पेन्सिल म्हणजे तर निव्वळ बारीक फरकच. ती सगळ्यात आधी जाते.

६४ पानांना मिळून ५ एमबी, म्हणजे एका पानाला जेमतेम ८० केबी. मूळ फोटोचा पन्नासावा भाग. त्या पन्नासाव्या भागात काय ठेवायचं हे मी सांगितलं नव्हतं, म्हणून ॲपनं आपल्या नियमानं ठरवलं. आणि जेपीईजीनं एकदा सोडून दिलेलं परत मिळत नाही. लहान केलेला फोटो पुन्हा मोठा करता येतो, पण त्यात ठिपके तेवढे वाढतात, पान परत येत नाही.

याच वाचनात आणखी एक प्रकार कळला. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की काही स्कॅन यंत्रं कागदावरचे आकडेच बदलत होती. एका इमारतीच्या नकाशात तीन खोल्यांची तीन वेगवेगळी क्षेत्रफळं लिहिलेली होती. स्कॅनमध्ये तिन्हींवर १४.१३ चौरस मीटर आलं. फाईल लहान राहावी म्हणून यंत्र एकसारखे दिसणारे आकार एकदाच साठवायचं आणि जिथं जिथं लागेल तिथं तोच ठसा मारायचं. जुळवाजुळव चुकली की ६ च्या जागी ८ बसायचा. तोही स्वच्छ, ठळक ८. वाचणाऱ्याला शंका यायचं कारणच नाही. मला त्यातल्या त्यात हायसं वाटलं. माझी पानं धूसर झाली होती, पण निदान खोटं बोलत नव्हती.

आता अंकाचं सांगते. यातलं बरंचसं तुम्हाला प्रकल्पाच्या आणि अर्जांच्या फाईलींसाठीही उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी मी एक फोल्डर केलं आणि त्याला नाव दिलं, 'मूळ, हात लावायचा नाही'. आलेले सगळे फोटो, सगळ्या फाईली जशाच्या तशा त्यात ठेवल्या. त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर, एक ड्राइव्हवर. मगच दुसऱ्या प्रतीवर काम सुरू केलं. हे एक केलं असतं तर वर लिहिलेलं निम्मं लिहायची वेळ आली नसती.

एक मित्र म्हणाला, "झिप कर की, संपलं." केलं. १४८ ची १४७ झाली. कारण वर्डची डॉक्सएक्स फाईल ही मुळातच एक झिप असते आणि आतले जेपीईजी आधीच दाबलेले असतात. पिळलेलं धुणं पुन्हा पिळून किती पाणी निघणार?

पण ती फाईल झिप असते, याचाच एक चांगला उपयोग झाला. तुम्हीही करून बघा. आधी फाईलची प्रत काढा. प्रतीच्या नावातलं शेवटचं डॉक्सएक्स खोडून तिथं झिप लिहा आणि ती उघडा. आत 'वर्ड' नावाचं फोल्डर असतं, त्यात 'मीडिया'. अंकातली सगळी चित्रं तिथं ओळीनं बसलेली दिसतात. आकारानुसार लावली की चोर लगेच सापडतो. आमच्याकडे सगळ्यात जड निघालं मुखपृष्ठ, एकटं १९ एमबीचं. तो होता साधा फोटो, पण पीएनजीमध्ये साठवलेला. पीएनजी काहीही सोडून देत नाही. रेखाचित्रं, तक्ते, सपाट रंग, पडद्यावरची अक्षरं यांच्यासाठी ती चांगली. पानाफुलांचा, माणसांचा फोटो मात्र तीत अवजड होतो. तोच फोटो लागेल तेवढ्या आकारात आणून चांगल्या प्रतीच्या जेपीईजीत साठवला, तर १ एमबीच्या आत आला आणि डोळ्यांना फरकही कळला नाही.

दुसरी गोष्ट. आपण वर्डमध्ये फोटो टाकतो आणि कोपऱ्याला धरून लहान करतो. तो पानावर लहान दिसतो, पण आतले १ कोटी २० लाख ठिपके तसेच असतात. रजई घडी घालून कोपऱ्यात ठेवली म्हणून तिचं वजन काही कमी होत नाही. कापण्याचंही तेच. स्नेहसंमेलनाच्या एका फोटोत कडेला आमचा एक मित्र भली मोठी जांभई देत होता, म्हणून मी तेवढी कड कापली. फोटो पूर्ववत करायचं बटण दाबलं तर गडी जांभईसकट हजर! कापलेला भाग फाईलमध्येच लपून असतो. जांभईचं ठीक आहे. पण कुणी गुणपत्रिकेवरचा नंबर किंवा घरचा पत्ता असा 'कापून' फाईल पुढे पाठवत असेल, तर त्यानं सावध राहिलेलं बरं.

यावर उपाय वर्डमध्येच आहे. फोटोवर क्लिक केलं की वर 'पिक्चर फॉरमॅट' उघडतं, त्यात 'कॉम्प्रेस पिक्चर्स'. तिथं दोन चौकटी असतात. एक, हे फक्त याच चित्राला लागू करायचं की सगळ्यांना. दुसरी, कापलेले भाग कायमचे काढून टाकायचे का. त्यांच्याखाली इंचाला किती ठिपके ठेवायचे ते विचारतात: ३३०, २२०, १५०, ९६. आता हिशोब करा. पानावर फोटो ४ इंच रुंद आणि ३ इंच उंच आहे. इंचाला १५० ठिपके धरले तर ६०० गुणिले ४५०, म्हणजे २ लाख ७० हजार. आपण १ कोटी २० लाख कोंबले होते, जवळजवळ ४४ पट. कार्यक्रमांच्या फोटोंना मी १५० दिले, माणसांच्या जवळून काढलेल्या फोटोंना २२०.

तिसरी गोष्ट सगळ्यात सोपी आणि सगळ्यात फायद्याची. सहा जणांनी कविता कागदावर लिहून फोटो पाठवले होते. प्रत्येकी ३ एमबी. मी त्या टाइप केल्या. देवनागरीतल्या एकेका चिन्हाला कॉम्प्युटर सहसा ३ बाइट घेतो. वीस ओळींची कविता २-३ केबीत मावते. हजार पटीनं हलकी, आणि मोबाईलवर कितीही मोठी केली तरी अक्षर फाटत नाही.

हे सगळं करून झाल्यावर अंक ८ एमबीच्या खाली आला. अटीप्रमाणे अजून ७ एमबी हातात होते, आणि आजोबांची चार पानं मोकळी होती. तिथं ते धुरकट फोटो टाकायला मन घेईना. आज्जीला सांगितल्याशिवाय दुसरं काही सुचेना.

रविवारी मिस्सानंतर गावी गेले. आज्जी पडवीत चवळी निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. मोबाईल, ॲप, ती चौकट. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. सूप बाजूला ठेवून तिनं विचारलं, "म्हणजे गेलं काय नक्की?"

"शब्द आहेत गं बरेचसे. पेन्सिल गेली. आजोबांच्या खुणा."

"त्यांच्या कुठल्या? ती पेन्सिल माझी न्हवं का!"

मी बघतच राहिले.

"त्यांना थांबायचं कुठं म्हाईत होतं? एका दमात गायचे आणि शेवटाला आवाज फुटायचा. लोक हसायचे. म्हणून मी रेघ मारून ठेवायची. हितं दम खावा म्हणून."

एवढी वर्षं ती वही आम्ही सगळे 'आजोबांची वही' म्हणत आलो होतो. माझ्या प्रकल्पातही तसंच लिहिलेलं आहे.

मग पाच रविवार आम्ही दोघी बसलो. मी पडद्यावरच्या धूसर ओळी वाचायची, आज्जी बारीक आवाजात म्हणायची, आणि जिथं दम घ्यायचा तिथं बोटानं पाटावर टक करायची. मी तिथं तिरकी रेघ टाइप करायची. पहिल्या रविवारी काका बाहेरून डोकावून म्हणाले, "काय करालीस गं, आईला गायला लावून?" दुसऱ्या रविवारी ते स्वतःच येऊन बसले आणि दोन गाण्यांचे शब्द त्यांनी पुरवले.

६४ पानांपैकी ५१ पानांच्या खुणा परत आल्या. उरलेल्या १३ पानांशी आज्जी थांबून राहायची, ओठ हलवायची आणि मान हलवायची. "आठवत न्हाई गं." तिथं मी रेघ घातली नाही. काही शब्दही लागले नाहीत. ते काय असावेत याचा अंदाज करता आला असता, चालीत बसणारा शब्द शोधणं आपल्या लोकांना काय अवघड? पण तो नकाशातला स्वच्छ ८ मला आठवत होता. न लागलेल्या शब्दांच्या जागी मी टिंबं ठेवली आहेत. ती तशीच राहू द्या.

शेवटच्या रविवारी, मी निघताना, आज्जीनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "मग ती वही त्यांच्यासंगं द्यायला नको होती न्हवं?" मला उत्तर देता आलं नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

टाइप केलेली अख्खी वही सव्वाशे केबीची झाली. परत येताना बसमध्ये मला फादर स्टीफन्स आठवले. त्यांचं 'क्रिस्तपुराण' आपण वर्गात शिकतो. १५७९ मध्ये गोव्यात आलेला हा इंग्रज जेझुइट मराठीत जवळजवळ ११ हजार ओव्या लिहितो. १६१६ मध्ये त्या रायतूरला रोमन लिपीत छापल्या जातात, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापल्या गेल्या. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज मिळत नाही. आपल्यापर्यंत 'क्रिस्तपुराण' पोचलं ते लोकांनी हातानं उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे; त्यांच्यावरूनच १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापलं गेलं. मी हिशोब केला. ओवीला शंभर चिन्हं धरली तरी ११ हजार ओव्या ३-४ एमबीत बसतात. माझ्या मोबाईलमधल्या एका फोटोएवढं अख्खं पुराण. अक्षर म्हणजे ज्याचा क्षर होत नाही ते, असं व्युत्पत्ती शिकताना लिहून घेतलं होतं. ते इतकं शब्दशः खरं असेल असं वाटलं नव्हतं.

तरीही अक्षरांत सगळं येत नाही. आजोबांच्या 'ळ' ची गाठ येत नाही, आणि घाईत मारलेल्या रेघेचा जोर येत नाही. ते दाखवायला निदान एक पान हवं होतं. ते मिळालं वास्कोच्या ताईकडे. वहीचे फोटो काढले त्याच संध्याकाळी तिच्या आवडीच्या गाण्याचं पान मी तिला व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. फोटो म्हणून पाठवलं तर ते लहान होऊन जातं. त्या दिवशी, का कुणास ठाऊक, मी ते डॉक्युमेंट म्हणून पाठवलं होतं, आणि डॉक्युमेंट जसंच्या तसं पोचतं. ताईनं दोन वर्षं मागं जाऊन ते शोधून काढलं. पान १७. ३.८ एमबी. पेन्सिलीसकट.

ते पान मी वर्डमध्ये घातलंच नाही. लिब्रेऑफिसमध्ये त्याची वेगळी पीडीएफ केली. तिथं पीडीएफ करताना गुणवत्ता किती आणि ठिपके कमी करायचे की नाही, हे आपल्या हातात असतं. मग ते बाकीच्या अंकाला जोडलं. संमेलनाच्या फोटोंतले, माझ्या स्वतःच्या फोटोतले ठिपके मी काढले ते याच्यासाठीच. एका पानाला तरी त्याचं पूर्ण वजन देता यावं. त्याच्या शेजारी तीन पानं टाइप केलेली गाणी, रेघांसकट. खाली दोन नावं आहेत, शाई कुणाची आणि पेन्सिल कुणाची.

तुमच्यासमोर असलेला हा अंक ११ एमबीच्या थोडा वर भरला आहे. प्रसिद्ध करायच्या आधी मी तो कवितेवाल्या त्या मुलीला पाठवून दिला, चढावर जाऊन उघडून बघ म्हणून. दहा मिनिटांनी तिचा मेसेज आला, "उघडला." मग थोड्या वेळानं आजोबांच्या पानाचा मोठा करून काढलेला एक तुकडा आला आणि खाली प्रश्न: "ही मधे तिरकी रेघ कसली आहे?"

मी लिहिलं, "तिथं श्वास घ्यायचा."